बाकी

बेरीज एका ठोक्यात होते.
गुणाकारही हल्ली फार थांबवत नाही,
पुष्कळ लोक राबलेत त्याच्यावर.
भागाकार मात्र अजून एकेक घर सरकतच येतो,
भुसावळच्या यार्डात मालगाडी लागावी तसा.

वर्गात हे म्हटलं की पोरं हसतात.
निम्म्यांचे काका-मामा रेल्वेतच आहेत.
माझे अण्णा शंटिंगला होते.
रात्रपाळी, हातात दिवा, एक काच लाल, एक हिरवी.
डबा ढकलायचा, जुळतो का बघायचं,
नाही जुळला तर “मांघे घ्या, मांघे!”
आवाज थेट क्वार्टरपर्यंत यायचा.
मी अंथरुणात मोजत पडायचे.
एकदा सकाळी विचारलं, रोज इतकं चुकतं?
“चुकत नाही पोरी. बसते का ते पाहावा लागते.
पाह्यल्याबिगर कसं कयनार?”

यंत्रालाही पाहिल्याशिवाय कळत नाही.
तेराला तीननं भागायचंय.
तेरा म्हणजे एक, एक, शून्य, एक.
पहिला एक आत ओढ, तीन वजा कर.
उणे आलं? काढलेलं परत भर, खाली शून्य मांड.
दुसरा एक ओढ. आता आत तीन झाले,
तीनातून तीन गेले, खाली एक मांड.
शून्य ओढ: नाही जात, परत भर.
शेवटचा एक ओढ: नाही जात, परत भर.
भाग चार, बाकी एक.
चार ठोक्यांत तीन वेळा माघार,
आणि उत्तर बरोबर.

दुसरीही एक रीत आहे. मागे फिरायचंच नाही,
उणं तसंच घेऊन पुढच्या घरात जायचं
आणि तिथे वजा करायच्या ऐवजी मिळवायचं.
अण्णांना सांगितली, तर म्हणाले,
“अंगावर घेऊन पुढं जायाचं?
रेल्वेत चालत नाही.”

मे महिना. शेहेचाळीस अंश.
लॅबमधला कूलर नुसता आवाज करत होता
आणि चिपांना बोट लावलं तर चटका बसत होता.
जुलेखा तडवी, पालहून एसटीनं येणारी,
गणितात दोनदा राहिलेली,
तिच्या ब्रेडबोर्डवरच्या तारा कुणालाच उलगडत नव्हत्या.
तिनं भाजकाची सगळी बटणं खाली पाडली.
“मॅडम, शून्यानं भागून पाहू?”

चारही दिवे लागले.
मागच्या बाकावरून टाळ्या आल्या.

मी फळ्यावर गेले. शून्य वजा केलं
तर उणे येतच नाही कधी,
म्हणून सर्किट दर घराला हो म्हणत गेलं.
आणि बाकीच्या ओळीत बघा:
एक, एक, शून्य, एक.
अख्खे तेरा, न शिवलेले.
मोठ्या प्रोसेसरमध्ये भाजक आधी दारातच तपासतात,
शून्य दिसलं की काम तिथेच थांबतं.
हिच्या पाटीवर दारात कुणी नाही.

जुलेखा दिव्यांकडे बघत राहिली.
“म्हणजे हिला एकदाही मागं यावं लागलं नाही,
तिथंच कळायला पायजे होतं.”

मी खडू खाली ठेवला.
वीस वर्षं शिकवतेय.
हे वाक्य माझ्या वहीत नव्हतं.

पालची गाडी पाच दहाची.
पावणेपाचला ती अजून तारा सोलत होती, दातांनी.
भाजकाच्या चारही तारा एका नॉर गेटपाशी आणल्या
(तिथे दोनाचं गेट होतं, तिनं दोन-तीन चिपा जोडून चाराचं केलं),
पुढे एक दिवा लावला,
डब्यात उरलेला शेवटचा, लाल.

बटणं पाडली. लाल लागला.
तीन ठेवले. विझला.
परत पाडली. लागला.

मग ती पळाली, ओढणी दाराला अडकली, सोडवली, पळाली.
बोर्ड चालूच राहिला.
मी तेरा लावले, तीन लावले,
घड्याळाचं बटण हातानं दाबत बसले,
दर ठोक्याला थांबून.
खिडकीपलीकडे कुठलीशी मालगाडी
धक्का खाऊन मागे येत होती.